मिक्सिंग कशावर करू?

थंडी पडली की आमच्या जळगावजवळच्या असोद्यात दोन गोष्टींचा हंगाम सुरू होतो, भरीत-पार्ट्यांचा आणि लग्नांचा. दोन्हीचं शूटिंग होतं, आणि मग आठवड्याभरात कोणी ना कोणी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं. ‘‘भाऊ, मले सांगा, मिक्सिंगले कोणतं सॉफ्टवेअर चांगलं हाये?’’ आमच्या धंद्यात एडिटिंगला अजूनही मिक्सिंगच म्हणतात. दोन व्हीसीआर आणि मधे एक मिक्सर मांडून काम चालायचं तेव्हाचा हा शब्द. यंत्रं भंगारात गेली, शब्द राहिला.

या प्रश्नाला मी एका नावात उत्तर देत नाही. उलट तीन प्रश्न विचारतो. शूट कशावर केलंय? एडिट कशावर करणार? आणि तयार झाल्यावर कोण, कशावर बघणार? यूट्यूबवरच्या ‘टॉप टेन’वाल्यांचा सगळा भर इफेक्ट किती आणि ट्रान्झिशन किती यावर असतो. ट्रान्झिशन कमी पडलं म्हणून परत आलेलं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. लोक परत येतात ते आवाज पुढेमागे झाला म्हणून, नवरीचं नाव चुकीचं उमटलं म्हणून, नाहीतर ‘टीव्हीवर लागतच नाही’ म्हणून.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी ते आत काय करतं हे थोडं समजून घ्यायला हवं. त्यासाठी आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. धुळ्याहून नाशिककडे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागतं. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तो दोन व्हीसीआर जोडून एडिट केलेला. एका यंत्रात शूटिंगची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो तुकडा आला की दुसऱ्याचं रेकॉर्ड दाबायचं, संपला की थांबवायचं. म्हणजे सिनेमा पहिल्या शॉटपासून शेवटच्यापर्यंत ओळीनंच जोडत जायचा. चाळिसाव्या मिनिटाला आलात आणि लक्षात आलं की दहाव्या मिनिटाला एक शॉट राहिलाय, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. नाहीतर झालेल्या भागाचीच कॉपी मारायची, आणि दर कॉपीला चित्र आणखी धुरकट. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटानं या मंडळींना जगापुढे नेलं, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ही थेटरात लागला. एडिटिंग शिकणाऱ्या पोरांना मी हे दोन्ही बघायला सांगतो. आपण आज ज्याला ‘हँग झालं’ म्हणून शिव्या घालतो ते किती सुखाचं आहे, ते तरी कळतं.

आजचं सॉफ्टवेअर मुळात काही कापतच नाही. ते फक्त यादी ठेवतं: या फाइलीतला ३ मिनिटं १२ सेकंदांपासून ८ सेकंदांचा तुकडा आधी, मग त्या दुसऱ्या फाइलीतला, त्यावर हे नाव, त्याखाली हे गाणं. मूळ फाइलींना हात लागत नाही. प्रोजेक्ट म्हणजे ही यादी, म्हणूनच ४०० जीबीच्या लग्नाचा प्रोजेक्ट काही एमबींत मावतो. आणि म्हणूनच पेनड्राइव्हवरून थेट काम करून तो काढून घेतला की टाइमलाइनवर लाल पाटी येते, ‘मीडिया ऑफलाइन’. यादी जागेवर असते, माल गेलेला असतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही यादी तुमच्या फोल्डरमध्ये एक फाइल म्हणून दिसते. दा विंची रिझॉल्व्ह मात्र ती स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायची, किंवा विंडोज नव्यानं टाकायचं, तर आधी प्रोजेक्ट वेगळा एक्स्पोर्ट करून घ्यावा लागतो. एडियससारख्या सॉफ्टवेअरवरून रिझॉल्व्हवर आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि मग फोल्डरमध्ये प्रोजेक्ट शोधत बसायची वेळ येते.

आता दुसरी गोष्ट. फोनवरची फाइल व्हीएलसीत मस्त चालते आणि एडिटिंगला घेतली की अडखळते, असं का? फोन एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीनं लिहितो, आणि ही पद्धत दुकानातल्या रोजमेळासारखी आहे. एक फ्रेम पूर्ण लिहायची. पुढच्या कितीतरी फ्रेमांत फक्त काय बदललं तेवढंच. मग पुन्हा एक पूर्ण. सतरा तारखेची शिल्लक काढायची तर एक तारखेपासून जमा-खर्च करत यावं लागतं. तसंच टाइमलाइनवर मधेच कुठे टिचकी मारली की यंत्राला मागच्या पूर्ण फ्रेमेपासून हिशेब करत तिथवर यावं लागतं. नुसतं बघताना हिशेब ओळीनं होत जातो, त्यामुळे त्रास जाणवत नाही. एडिटिंग करताना आपण सारखे पुढेमागे उड्या मारतो. एच.२६५ मध्ये नोंदी आणखी आखूड, हिशेब आणखी किचकट. फाइल लहान होते, प्रोसेसरची दमछाक वाढते.

ज्या फोननं शूट केलं त्याच फोनच्या चिपमध्ये हा हिशेब उलगडण्याची खास सोय असते. म्हणूनच साधा फोन जी क्लिप लोण्यासारखी कापतो, तीच दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर गचके खाते. ‘खरं एडिटिंग कॉम्प्युटरवरच’ म्हणणाऱ्यांचं म्हणूनच मला फारसं पटत नाही.

भरीत-पार्टीचंच घ्या. हिरवी लांबट वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, शेतातली पंगत. बारा-पंधरा क्लिपा आणि त्यातून चाळीस सेकंदांचं रील. याला लॅपटॉप उघडायचं कारणच नाही. व्हीएन या ॲपमध्ये पैसे न भरता काम होतं आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, म्हणजे वॉटरमार्क, येत नाही. काइनमास्टर हे दक्षिण कोरियाचं, २०१३ पासूनचं ॲप. चित्रावर चित्र, त्यावर नाव, त्यावर लोगो असे थर लावायला त्याची रचना मला अजूनही सगळ्यांत सरळ वाटते, पण फुकटात शिक्का येतो. गूगलचं यूट्यूब क्रिएट २०२३ मध्ये ज्या थोड्या देशांत आधी आलं त्यांत भारत होता. मेटाचं एडिट्स एप्रिल २०२५ मध्ये आलं. रील फक्त इन्स्टावरच जाणार असेल तर ते पुरेसं आहे. त्यातलं गाणं घेऊन तीच फाइल यूट्यूबवर टाकायला गेलात तर कॉपीराइटची नोटीस येऊ शकते, कारण गाण्याची परवानगी त्या घरापुरती असते. राहिलं कॅपकट. ते टिकटॉकवाल्या बाइटडान्सचं, आणि भारतात अधिकृतपणे मिळत नाही. कुठूनतरी एपीके उतरवून ते चालवणारे गावात आहेत. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्यावर मी ते कधीच टाकणार नाही.

शाळेतल्या मास्तरांचं काम आणखी वेगळं. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदा, त्यांचा जन्म इथलाच, २४ ऑगस्ट १८८०. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये शाळेत काहीतरी करायचं असतं: दहा-वीस फोटो, पोरांचा आवाज, खाली ओळी. पूर्वी याला विंडोज मूव्ही मेकर होता, तो मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये बंद केला. आता विंडोज ११ सोबत क्लिपचॅम्प येतं. फुकटात १०८०पी फाइल निघते, शिक्का नाही, फक्त खातं आणि नेट लागतं. नेटचा भरवसा नसेल तर शॉटकट, तेही फुकट. एवढं बस्स.

लग्नाचं मात्र बस्स होत नाही.

दोन कॅमेरे धरू, दोन्ही ४के, सेकंदाला १०० मेगाबिटनं लिहिणारे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. हळद आणि लग्न मिळून दर कॅमेऱ्याचे सहा तास धरले तर ५४० जीबी, ड्रोन वेगळा. हे घरी आणून टाइमलाइनवर टाकायचं, दोन कॅमेरे एकमेकांशी जुळवायचे, त्यातून तीन तासांची पूर्ण फिल्म, पाच मिनिटांचा हायलाइट आणि व्हॉट्सॲपसाठी एक मिनिटाचा टीझर काढायचा. तेही तिथीच्या सीझनमध्ये, पुढचं लग्न परवावर आलेलं असताना.

इथं आपल्याकडच्या बहुतेक मिक्सिंग लॅबमध्ये तुम्हाला एडियस दिसेल. हे मूळचं जपानच्या कॅनोपस कंपनीचं, पुढे ग्रास व्हॅलीकडे गेलं. कॅसेटच्या काळात कॅनोपसचं कार्ड कॉम्प्युटरात बसवून त्यावर डीव्ही टेप उतरवायचे. कार्डाबरोबर सॉफ्टवेअर आलं आणि तेच हाताला बसलं. पण नुसत्या सवयीनं ते टिकलेलं नाही. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं, वेगवेगळ्या मापाचं फुटेज एकाच टाइमलाइनवर टाकून रेंडर न मारता चालवणं, हे ते फार पूर्वीपासून करतंय, आणि साध्या मशिनवर करतंय. त्याला भारी ग्राफिक कार्डाची फारशी भूक नाही. शिवाय एकदा पैसे भरले की आपलं झालं. बाजारात एडियसचे तयार ‘प्रोजेक्ट’ही विकत मिळतात. त्यात गाणं, फ्रेमा, उडणारी फुलं सगळं आधीच मांडलेलं असतं. आपण फक्त आपल्या जोडप्याच्या क्लिपा बदलायच्या. याला नाकं मुरडणारे आहेत. पण एका सीझनला पन्नास लग्नं काढणाऱ्या लॅबचं पोट त्यावर चालतं, आणि गिऱ्हाईकही तीच फुलं मागतं.

ॲडोबी प्रीमियर १९९१ पासूनचं, पण २०१३ नंतर ते भाड्याचं घर झालं. त्याचा खरा जोर शेजारच्या खोल्यांत आहे: आफ्टर इफेक्ट्स, फोटोशॉप, ऑडिशन सगळे एकमेकांना जोडलेले. पुण्या-मुंबईच्या एजन्सीचं काम घेणाऱ्या पोरानं तेच शिकावं, कारण समोरून प्रोजेक्ट त्यातच येतो. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ हा ऑस्करवाला सिनेमा प्रीमियरवरच कापलेला आहे, त्यामुळे ताकदीची शंका नको. शंका हिशेबाची. आपला धंदा तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, भाडं मात्र चालू. महिन्याच्या बोलीवर घेतलं तर दर जास्त, वर्षाच्या बोलीवर घेऊन मधेच सोडलं तर दंड. हे कागदावर मांडून बघा आणि मगच घ्या.

ॲपलचं फायनल कट प्रो वेगवान आहे, पण ते फक्त ॲपलच्याच यंत्रांवर. ज्याच्याकडे मॅक आहे त्याला माझ्या सल्ल्याची गरज सहसा नसते.

दा विंची रिझॉल्व्हबद्दल मात्र सांगायला हवं, कारण हल्लीची पोरं त्याच्याच मागे आहेत. हे सिनेमाच्या रंगकामाचं, लाखो रुपयांच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर होतं. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ मध्ये ती कंपनी घेतली आणि पुढे त्याची फुकट आवृत्ती काढली. फुकटवालीसुद्धा ४के पर्यंत फाइल देते, तीही शिक्क्याशिवाय. पैशाची आवृत्ती २९५ डॉलर, एकदाच. मग सगळे तेच का घेत नाहीत? कारण सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे मशिनवर जातात. त्याला १६ जीबी रॅम आणि वेगळं, दमदार ग्राफिक कार्ड लागतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडतं, पण चालतं म्हणवत नाही.

त्याचं रंगकाम कशाला लागतं ते हळदीच्या मांडवात बघा. वर पिवळं कापड, त्यातून गाळून येणारं ऊन, सगळ्यांच्या तोंडावर पिवळी झाक, आणि नवरीच्या अंगावर खरी हळद. सगळं चित्र थंड केलं तर झाक जाते, पण हळदही जाते. रिझॉल्व्हमध्ये फक्त सावलीतला पिवळेपणा कमी करून कातडीचा रंग तेवढा वेगळा धरता येतो. एडियसमध्येही रंग सुधारता येतो, पण इतकं बारीक काम करताना हात अवघडतो. म्हणून काही जण तीन तासांची फिल्म एडियसवर आणि पाच मिनिटांचा हायलाइट रिझॉल्व्हवर काढतात. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

कमी मशिनवर मोठं फुटेज चालवायचं तर प्रॉक्सी नावाची युक्ती आहे, आणि ती वर सांगितलेल्या चारही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मूळ ४के फाइलींच्या लहान, हलक्या कॉपी करून घ्यायच्या, यादी त्यांच्यावर तयार करायची, आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर त्या यादीला मूळ फाइली लावतं. कॉपी रात्रीच लावून ठेवाव्यात. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ वर गेला की दुपारी लॅपटॉप स्वतःला वाचवायला आपला वेग पाडतो, आणि त्यात वीज गेली तर वेगळंच. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा, यूपीएस ठेवा.

अहिराणी गाणी करणाऱ्या मंडळींची गरज आणखी निराळी. ‘हाई झुमका वाली पोर’ खानदेशाबाहेरच्या वरातींत वाजू लागल्यापासून धुळे-जळगावात दर महिन्याला कोणीतरी गाणं शूट करतंच. शेतात स्पीकरवर गाणं लावून तोच अंतरा सात-आठ जागी, सात-आठ वेळा शूट होतो. घरी आल्यावर हे सगळे टेक मूळ गाण्याशी ओठाला ओठ जुळले पाहिजेत. प्रीमियर, फायनल कट आणि रिझॉल्व्ह आवाजाच्या लाटा ताडून हे आपोआप जुळवतात. फोनच्या ॲपमध्ये हे बोटानं सरकवत बसावं लागतं. गाण्यासाठी मी डोळे झाकून रिझॉल्व्ह सांगतो, मशीन नसेल तर मशीनवाला मित्र शोधा म्हणतो.

आवाजावरून सप्ताहातलं कीर्तन आठवलं. गेल्या वर्षी एक जण दीड तासाचं कीर्तन घेऊन आला. चित्र फोनवर, आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरवरून वेगळा घेतलेला. सुरुवात बरोबर जुळवली होती, पण शेवटच्या अभंगाला हात आधी येत होते आणि टाळ मागाहून वाजत होते. त्याला वाटलं सॉफ्टवेअर खराब. खरं कारण फोनमध्ये होतं. फोन ‘३० फ्रेम’ लिहितो, पण मांडवात उजेड कमी झाला की जास्त प्रकाश घेण्यासाठी गुपचूप फ्रेमा कमी करतो. म्हणजे प्रत्येक सेकंदाला ३० नाहीत, कधी ३०, कधी २४. काही सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमेची खरी वेळ वाचतात, काही सरसकट ३० धरून चालतात, आणि मग चूक थेंबाथेंबानं साठत जाते. यावर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं आणि जी नवी फाइल निघेल तीच एडिटिंगला घ्यायची. मोठं रेकॉर्डिंग फोनवर केलेलं असेल तर सॉफ्टवेअर कुठलंही असो, हे आधी करा.

फ्रेमांचाच विषय निघालाय तर हेही: आपली वीज ५० हर्ट्झची. कार्यालयातल्या लाइटी चित्रात फडफडू नयेत म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५०. फडफड एकदा शूट झाली की ती पुसायला सॉफ्टवेअरला पैसे मोजावे लागतात, आणि तरी ती नीट जात नाही.

आणि आता माझा जिव्हाळ्याचा विषय, मराठी अक्षर.

सुरुवातीच्या काळात मी एका सॉफ्टवेअरमध्ये ‘शुभविवाह’ टाइप केलं. पडद्यावर वेलांटी ‘व’च्या आधी यायची ती नंतर चिकटली. पत्रिकेसारखी सजवलेली पाटी आणि मधे ते भुताटकीचं अक्षर. रात्रीची वेळ, मी बघितलं नाही, आणि वरपक्षाकडे वीस डीव्हीडी गेल्या. वीसच्या वीस परत आल्या.

याचं कारण असं. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की झालं. देवनागरीत आपण ‘व’ आधी टाइप करतो आणि वेलांटी मागाहून, पण दिसायला ती आधी हवी. जोडाक्षरं एकात एक बसायला हवीत. ही फिरवाफिरव करणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. फोनमध्ये ते काम बहुधा अँड्रॉइडच करतं, त्यामुळे फोनच्या ॲपमध्ये मराठी सहसा नीट येतं. कॉम्प्युटरवर मात्र तपासावं लागतं. प्रीमियरमध्ये सेटिंगच्या ग्राफिक्स भागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं. तेवढं केलं की सरळ होतं. जिथं काहीच चालत नाही तिथं आम्ही फोटोशॉपमध्ये पाटी करून पारदर्शक पीएनजी आणतो. जुन्या लॅबमध्ये पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी दिसते, तिची युक्ती वेगळी. तिच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी कळांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून सॉफ्टवेअरला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय. दिसतं झकास, पण तोच मजकूर दुसरीकडे चिकटवला की कचरा.

नवं सॉफ्टवेअर आलं की मी त्यात पहिल्यांदा दोनच शब्द लिहून बघतो: ‘वऱ्हाड’ आणि ‘शुभविवाह’. ‘ऱ्ह’ नीट जुळला आणि वेलांटी जागेवर बसली तर पुढे बोलायचं. फॉन्टही बघून घ्या. कितीतरी देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. तिरो देवनागरी मराठी हा गूगलवर फुकट मिळतो, त्यात ही अक्षरं आपल्या वळणाची आहेत. लग्नाच्या पाटीवर तो शोभतो.

शेवटी द्यायची फाइल. यूट्यूब १०८०पी साठी सेकंदाला ८ मेगाबिट सुचवतं, आणि लग्नालाही ते पुरतं. तेवढ्या वेगानं तासाला साधारण ३.६ जीबी, तीन तासांची फिल्म पावणेअकरा जीबीच्या आसपास. आता वरबाप जो पेनड्राइव्ह घेऊन येतो तो बहुधा फॅट३२ पद्धतीचा असतो, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, फाइल अकराची, तरी कॉम्प्युटर म्हणतो फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केला तर फाइल बसते, पण घरचा जुना टीव्ही तो वाचेलच असं नाही. एच.२६५ मध्ये काढून फाइल लहान केली तर जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र काळं.

म्हणून मी एच.२६४ मध्ये, पासष्ट मिनिटांच्या आतले भाग पाडून देतो: हळद, लग्न, पाठवणी. भाग पाडले ते फॅट३२ पायी. गिऱ्हाइकाला वाटतं सोय केली. ‘‘बरं झालं भाऊ,’’ म्हणतात, ‘‘आमची आजी रोज हळदच लावते.’’